जिन्यावरचा गॉलम

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये धर्म कुठंय रे? देऊळ नाही, पूजा नाही. चांगले जिंकतात, वाईट हरतात, संपलं." माझं स्टेशन आलं म्हणून फोन ठेवला, पण तुझं बोलणं डोक्यातून जाईना.

देऊळ नाही हे खरं, पण ते मुद्दामच. ते लिहिणारा टोल्कीन पक्का कॅथलिक. बाराव्या वर्षी आई गेली, पुढे एका पाद्र्यानं सांभाळलं. १९५३ साली त्यानं जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका मित्राला लिहिलं की पुस्तक मुळातच धार्मिक आहे, आणि म्हणूनच त्यात धर्माचे उल्लेख ठेवले नाहीत. तो गोष्टीतच मुरलाय.

आणि चांगले जिंकतात कुठे? नायक फ्रोडो हरतो. ती दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला एवढी पायपीट करून कडेला पोचतो आणि म्हणतो, अंगठी माझी. त्याच अंगठीच्या हव्यासानं पछाडलेला गॉलम झडप घालून अंगठीसकट बोट तोडतो, आनंदानं नाचताना तोल जाऊन आगीत पडतो, तेव्हा जग वाचतं. गॉलम तोवर जिवंत का? आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोनं, मग फ्रोडोनं, शेवटी फ्रोडोचा सोबती सॅम यानंही त्याला मारायचं टाळलं म्हणून. १९५६ च्या एका पत्रात टोल्कीननं या शेवटाशी ख्रिस्ती प्रार्थनेतली ओळ जोडलीय: जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर.

पण मला छळतो तो प्रसंग वेगळाच. कड्यातल्या त्या जिन्यावर फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय. सॅमचाही डोळा लागलाय. वाट दाखवायला बरोबर असलेला गॉलम परत येतो, दोघांकडे बघत राहतो, आणि थरथरता हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच लावतो. त्या क्षणी तो फक्त एक थकलेला म्हातारा असतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन त्याच्यावर खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा ती हिरवी चमक येते. सॅम नंतर सॉरी म्हणतो, पण वेळ गेलेली असते. टोल्कीनला हा बहुधा सगळ्यात करुण क्षण वाटायचा.

बाळ्या, धाकटा सहा महिन्यांनी घरी आला होता, त्या रात्रीचं मी तुला अर्धंच सांगितलं. तो अण्णांच्या कॉटशी खाली बसून त्यांचे पाय चेपत होता. मी ड्यूटीवरून आलो आणि दारातूनच म्हणालो, "आता काय हवंय?" त्यानं हात काढून घेतला, चपला घातल्या आणि गेला. अण्णा काहीच बोलले नाहीत.

सॅम वाईट नव्हता रे. दमलेला होता, फ्रोडोच्या काळजीत होता. मीही दमलो होतो. तरी तो हात मला अजून दिसतो.

ते जिन्याचं प्रकरण पुन्हा वाच. आणि धाकट्याचा नवा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव.

तुझा,
अवी