चिऊला, तुझ्या प्रबंधाबद्दल

चिऊ,

काल फोनवर तुझं ऐकून घेतलं पण बोलता आलं नाही, बाबा मध्येच टीव्ही मोठा करत होते, म्हणून लिहितेय. तुझा प्लॅन असा की 'छिएयुन' हा 601 सालचा यमककोश (चिनी अक्षरं यमकांप्रमाणे लावलेला उच्चारांचा कोश) घ्यायचा आणि त्यातून सगळ्या चिनी बोल्या कशा निघाल्या ते दाखवायचं. मला ते पटलं नाही, स्पष्टच सांगते.

अगं त्याची प्रस्तावना नीट वाच. कोश करणाऱ्या लू फायेनच्या घरी रात्री आठ जण जमले, दारू होऊन गेली, आणि विषय निघाला उच्चारांचा, उत्तरेचे कसे चुकतात, दक्षिणेचे कसे चुकतात. मग वेई आडनावाचे गृहस्थ म्हणाले की वाद झालाय सगळा, आता लिहून टाक, आपण ठरवलं ते ठरलं! आणि लू मेणबत्तीपाशी टिपणं काढायला बसला. पुस्तक पुढे कितीतरी वर्षांनी झालं. आठांत येन चितुईसारखे दक्षिणेतून आलेले पण होते. मग ही कुठल्या एका गावची बोली कशी असेल? स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ कार्लग्रेनने ती तेव्हाच्या राजधानीची, छांगआनची धरली, पण चिनी भाषाशास्त्रज्ञ चोउ त्सूमोंनी 1960च्या दशकात ते खोडलं, उत्तर-दक्षिणेच्या शिष्ट उच्चारांचा मेळ आहे म्हणाले, आणि मला तेच जास्त पटतं.

कार्लग्रेनला नावं नाही ठेवत हं. विशीतला स्वीडिश पोरगा, आधी स्वतःच्या देशातल्या बोल्या अभ्यासलेला, 1910 ला चीनला गेला आणि लोकांच्या तोंडून शब्द लिहून आणले, तेव्हा कुठे कोशातल्या खणांना, म्हणजे नुसत्या उच्चारगटांना, खरे आवाज मिळाले. तू त्यातला कोश घेतलास आणि माणसं सोडलीस.

आता आग्नेय चीनच्या फूच्येन भागातल्या मिन बोल्या बघ. त्यांतल्या होक्किएनमध्ये डोकं म्हणजे 'थाऊ' आणि तांबं म्हणजे 'तांग'. कोशात दोन्ही शब्दांचं सुरुवातीचं व्यंजन एकच, टोनही एकच, मँडरिनमध्येही दोन्हीकडे थ. मग होक्किएनमध्ये एकाला थ आणि दुसऱ्याला त कुठून आला? कोशात याचं उत्तरच नाही, म्हणजे हा फरक त्याच्याही आधीचा असणार. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जेरी नॉर्मन यांनी असलेच फरक घेऊन जुनी मिन, म्हणजे या बोल्यांची मूळ भाषा, उभी केली, सगळ्यांना पटली नाही ती, पण प्रश्न खरा आहे. आणि हा फरक ऐकायला तुला मेहनत नाही, त-थ आपल्याला लहानपणापासून वेगळे ऐकू येतात, तुझ्या वर्गातल्या इंग्रजीवाल्यांना ते त्रासाचं जाईल.

एक माझ्या संस्कृतच्या बाजूनं. 'बुद्ध' हा शब्द चीनला गेला तेव्हा तो लिहायला जे चिनी अक्षर घेतलं, त्याच्या उच्चारात शेवटी त् होता. मँडरिनमध्ये फो झालं, त् गायब, कॅन्टोनीजमध्ये फत्, कोरियनमध्ये बुल, म्हणजे त् चा ल् झाला पण जागा शिल्लक आहे. जुन्या चिनी भाषांतरकारांनी आपले शब्द लिहिले ते अशा वेळी साक्षीदार म्हणून उभे राहतात, आणि तुझं संस्कृत बरं आहे, वापर ना ते.

तर छिएयुन ठेव, पण पाया नको करूस. गाईडना विचार की मिनवर घेतलं तर चालेल का, आणि होक्किएन बोलतात त्या श्यामेन शहरात एक-दोन महिने राहायची सोय कशी होते ते पण विचार. पैशाचं मी बाबांशी बोलते, तू फक्त या आठवड्यात गाईडना मेल कर, नेहमीसारखं पुढच्या सोमवारवर ढकलू नकोस.

आई

ता.क. भाजणी कुरियरने पाठवलीये, पत्ता होस्टेलचाच घातलाय.