आयसीयूतल्या सिस्टरला नुसता ट्रे लावायला शिकवू नका

मा. संपादक,

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मानेतल्या मोठ्या शिरेतली सेंट्रल लाईन, मनगटातल्या धमनीत बीपी बघायला टाकलेली आर्टेरियल लाईन, घशातली श्वासाची ट्यूब, हे डॉक्टर टाकतात पण टाकून झाल्यावर चोवीस तास त्या नळ्यांपाशी आम्हीच असतो. आणि नवीन मुलींना शिकवतात काय, तर ट्रे कसा लावायचा, कुठली वस्तू कधी हातात द्यायची. सेंट्रल लाईन काढताना पेशंटला आडवं का झोपवायचं हे कितीजणींना सांगितलं जातं? बसवून काढली तर शिरेत हवा ओढली जाऊन जिवावर बेतू शकतं, ही काय परीक्षेपुरती पाठ करायची गोष्ट आहे का!

आर्टेरियल लाईनचंच बघा. ट्रान्सड्युसर, म्हणजे बीपी मोजणारा सेन्सर, हृदयाच्या पातळीला पाहिजे. बेड वर घेतला आणि ट्रान्सड्युसर खालीच राहिला तर 10 सेंटीमीटरच्या फरकाला बीपी साधारण 7 ते 8 ने जास्त दिसतं, मग आकडा छान आहे म्हणून नॉरॲड हे बीपी वाढवणारं औषध कमी केलं जातं आणि पेशंटचं खरं बीपी तर आधीच पडलेलं असतं. जिला हे कळलंय ती आधी ट्रान्सड्युसर बघते, मग औषधाच्या पंपाला हात लावते.

अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी सेंट्रल लाईनसाठी पाचच गोष्टींवर भर दिला, हात धुणं, पूर्ण स्टराईल ड्रेप (पेशंटवर घालायचं निर्जंतुक कापड) आणि गाऊन, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेत लाईन नको, आणि गरज संपली की काढून टाकणं. 2006 मध्ये त्याचे निकाल छापून आले, 100 च्या वर आयसीयूंमध्ये लाईनचं इन्फेक्शन खूपच खाली आलं होतं. त्या यादीचं सगळे कौतुक करतात पण पायरी चुकली तर, इमर्जन्सी नसेल तेव्हा, नर्सने प्रोसिजर थांबवायची असंही त्यात ठरलं होतं, ते मात्र कोणी बोलत नाही. आणि थांबवायचं तर बरोबर काय ते आधी माहीत नको का?

म्हणून म्हणते, शिकवा, पण ड्युटीच्या वेळेत आणि बेडपाशी शिकवा, नाईट करून आलेल्या मुलींना हॉलमध्ये बसवून स्लाईड दाखवू नका. आणि जी सिस्टर म्हणते "सर, ग्लोव्ह ड्रेपच्या बाहेर लागला, बदला", तिला राउंडला सगळ्यांसमोर सुनावणं आधी बंद करा.

- एक आयसीयू स्टाफ नर्स