सिस्टर, तुम्ही थांबलात

सिस्टर, नमस्कार.

पोळ्याच्या दिवशी पुरणाच्या डाळीचं उकळतं पाणी सांडून मांडी भाजलेल्या चार वर्षांच्या पोराचा मी बाप. त्या दिवशी तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून लिहितो आहे.

तुमच्याकडे यायच्या आधी दोन वेळा पट्टी दुसऱ्या दवाखान्यात बदलली. नाव लिहीत नाही. तिथे चिकटलेली पट्टी कोरडीच ओढली. "एवढ्याशा पोट्ट्याला काय समजते, दोन मिन्टात विसरते," म्हणाले. त्याच्या मायला बाहेर काढलं आणि पाय धरायला मला लावलं. मी धरले. त्या रात्री लेकरू झोपेत "बाबा, सोडा ना" म्हणत होतं.

तुम्ही आधी त्याचं वजन केलंत. १४ किलो. त्या हिशेबाने पॅरासिटामॉल मोजून पाजलंत आणि गुण यावा म्हणून अर्धा तास थांबलात, बाहेर एवढी रांग असताना. केसपेपरच्या मागे पेनाने हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे काढून "किती दुखते?" विचारलंत. माय उशाशी बसली. मग त्याच्या हातातला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पाहून म्हणालात, "बाबू, दुखलं की हा पलंगावर वाजवजो. मी हात काढीन."

पट्टीवर सलाईनचं पाणी पडतं न पडतं तोच त्याने नंदी वाजवला. दुखलं नव्हतं, सिस्टर. तो तुम्हाला पारखत होता. तुम्ही दोन्ही हात वर केलेत आणि त्याने मान हलवेपर्यंत तसेच धरलेत. पुढे आणखी चारदा वाजवला, चारही वेळा थांबलात. तो रडला, पण पाय कोणालाच धरावे लागले नाहीत.

तुम्हीच सांगितलंत, १९८०च्या दशकापर्यंत परदेशातल्या मोठ्या दवाखान्यांतही तान्ह्या बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता व्हायची, त्यांना वेदना कळत नाहीत असं समजून. आणि लेकरू झोपलं म्हणजे दुखणं थांबलं असं नाही, ते थकूनही झोपतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी ते पाय धरले नसते.

औषध काही महागाचं नव्हतं. त्या दवाखान्याच्या कपाटातही तेच असेल. लेकराच्या शब्दाला किंमत देणारं माणूस तिथे नव्हतं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचा सरकारी दवाखान्यावर जीव टिकून आहे.

शुक्रवारी पुन्हा पट्टी आहे. त्याने नंदी आजच पिशवीत भरून ठेवला आहे.

तुमचा,
एका लेकराचा बाप