रेकॉर्ड नाहीत, म्हणून वादक नव्हत्या?

आपल्या रविवार पुरवणीतील जॅझच्या इतिहासावरील लेखात स्त्रियांचा उल्लेख केवळ गायिका म्हणून आला, हे खटकले. लेखकाचा सारा आधार गाजलेल्या रेकॉर्डचा आहे. पण कोणाचे वादन मुद्रित करायचे, हे त्या काळी रेकॉर्ड कंपन्या ठरवत. त्या वेळचे वातावरण कसे होते? ‘डाउन बीट’ या अमेरिकेतील नामांकित संगीत मासिकाने १९३८ मध्ये स्त्री वादक कमी प्रतीच्या का असतात, यावर चक्क लेख छापला होता!

‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ हा केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद त्याच काळातला. मिसिसिपीतील पायनी वूड्स शाळेत तो उभा राहिला. कृष्णवर्णीय मुलींबरोबर त्यात इतर वंशांच्या मुलीही होत्या. वंशभेदाच्या कायद्यांमुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील दौऱ्यांत त्यांना बसमध्येच झोपावे लागे. न्यूयॉर्कमधील हार्लेमचे अपोलो थिएटर त्यांनी गाजवले, १९४५ मध्ये युरोपात अमेरिकी सैनिकांपुढे कार्यक्रम केले. तरीही त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या त्या मोजक्याच. या वाद्यवृंदातील टायनी डेव्हिस यांचा ट्रम्पेट आणि व्हाय बर्नसाइड यांचा सॅक्सोफोन आज ऐकायला मिळतो, तो बराचसा सैनिकांसाठीच्या ‘जुबिली’ या रेडिओ कार्यक्रमाची ध्वनिमुद्रणे टिकली म्हणून. ज्यांच्या वाट्याला असा रेडिओही आला नाही, त्यांचे वादन कायमचे हरवले.

लेखमालेच्या पुढील भागात या वाद्यवृंदाला आणि पियानोवादक-संगीतकार मेरी लू विल्यम्स यांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे