कडू दुधी आणि तुमचे बत्तीस रुपये

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कडू निघालेला दुधी आणि पाकिटावरची घातक सूचना

महोदय,

तुमच्या ॲपवरून मागवलेला दुधी कडूजहर निघाला. चिरण्याआधी चकती जिभेला लावून बघायची सासूबाईंची सवय, म्हणून तो भाजीत गेला नाही. त्यांनी लगेच थुंकून चूळ भरली. तुमच्या प्रतिनिधीने आधी फोटो मागितला. कडूपणाचा फोटो कसा काढतात, ते काही सांगितले नाही. मग 'चव आवडली नाही' अशी नोंद करून बत्तीस रुपये परत पाठवले.

पैशांसाठी मी लिहीत नाही. कारले कडू असायचेच. दुधी कडू लागला तर त्यात कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते. शिजवून ते जात नाही. बाहेरून दुधी कोवळा, हिरवागार दिसतो, त्यामुळे जिभेखेरीज घरी दुसरी परीक्षा नाही. असा रस पोटात गेला की उलट्या, जुलाब, पोटात कळा; प्रकरण वाढले तर रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. यावर उताऱ्याचे औषध नाही. २०१८ मध्ये आमच्या पुण्यातच दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती.

आणि तुमच्या पाकिटावर काय छापलंय? 'रोज सकाळी अनशापोटी ताजा दुधी रस, आवडीनुसार आले, आवळा, पुदिना घालून.' म्हणजे कडूपणा झाकायची सोयही तुम्हीच सांगता! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने नेमके उलट सांगितले आहे : रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर अख्खा दुधी टाकून द्या, दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका, आणि पिऊन त्रास झालाच तर लगेच रुग्णालय गाठा. यातली एकही ओळ पाकिटावर नाही. 'स्वच्छ धुऊन वापरा' मात्र दोन भाषांत आहे.

ही तक्रार अन्नसुरक्षेची म्हणून नोंदवा. त्याच शेतातला माल ज्यांच्याकडे गेला, त्यांना आजच मेसेज करा. त्यात रोज रस पिणारे कोणीतरी असेलच. रसाची ती ओळ काढा.

उरलेला दुधी डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवला आहे, तपासणीसाठी माणूस पाठवून घेऊन जा. सात दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर तो डबा आणि हे पत्र घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाईन.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत : पावती आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो