टोचा दर वाढवण्याआधी

प्रिय मित्रा,

आपल्या ग्लायडिंग क्लबचे हिशेब आता तुझ्याकडे आले आणि इंधनाच्या खर्चापायी टोचा, म्हणजे बिनइंजिनाचं ग्लायडर दोरानं विमानामागे ओढून वर नेण्याचा, दर सरसकट वाढवायचं तुझ्या मनात आहे, असं कळलं. थोडा थांब. ही वही चार वर्षं माझ्याकडे होती, म्हणून हक्कानं लिहितोय.

६०० किलोचं दोन आसनी ग्लायडर ६०० मीटर उंच न्यायला लागणारी निव्वळ ऊर्जा सव्वाशे मिलिलिटर पेट्रोलमध्ये मावते. आपण मात्र प्रत्येक टोला लिटरच्या लिटर जाळतो. बरंचसं उष्णता होऊन जातं, काही पंख्यात, काही टो विमानाचं स्वतःचंच वजन वर नेण्यात. तिथे आपलं फारसं चालत नाही. जमिनीवर जळतं ते मात्र वाचवता येतं.

एकदा सकाळी मी घड्याळ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभा राहिलो. टो विमानाचा पंखा फिरतोय, दोर गवतात पडलाय, आणि ग्लायडरमधला विद्यार्थी अजून पट्टे आवळतोय. मागचं ग्लायडर तर दोघं जण ढकलतच आणत होते. त्या दिवसापासून नियम केला: पट्टे बांधून, तपासणी उरकून वैमानिक तयार झाला, की मगच टो विमान रांगेपुढे येणार.

आकारणी इंजिनाच्या मिनिटांवर करावी, असं काही जण म्हणतील. हिशेबाला ते चोख आहे, पण विद्यार्थी घड्याळ बघून चुकीच्या जागी दोर सोडतो. म्हणून मी उंचीवर, दर १०० मीटरला आकारणी ठेवली. ३०० मीटरवर थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडलेल्यानं ६०० चे पैसे का भरावेत?

नुसत्या सर्किटच्या, म्हणजे मैदानाभोवती एक फेरी मारून उतरण्याच्या, सरावाला विंच (जमिनीवरून दोर गुंडाळून ग्लायडर वर खेचणारं यंत्र) असेल तर तीच वापर, एका लाँचला साधारण लिटरभर पुरतं. टो विमानाचं म्हणशील तर, रोटॅक्स ९१२चं शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे २७ लिटर पितं, मोठ्या लायकमिंग इंजिनापेक्षा कितीतरी कमी. पण जड ग्लायडर घेऊन ते सावकाश चढतं, हे धरून चाल.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. दोर सुटल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद करून सूर मारला की मिनिटं वाचतात, पण तापलेले सिलिंडर एकदम थंड होऊन तडकू शकतात. आमचा एक असाच गेला आणि हंगामभराची बचत त्यात बुडाली. चढताना मिक्श्चरही पातळ करू देऊ नकोस, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी करू देऊ नकोस.

दर संध्याकाळी टाकीत डिपस्टिक घालून लिटर मोज, शेजारच्या रकान्यात टोची संख्या लिही. महिन्याभरानं ते पान मला पाठव, दोघं मिळून बघू.

तुझाच,
जुना वहीवाला