निधनवार्तेत पदकांची नावे लिहा

संपादक महोदय,

निवृत्त नौसैनिकाच्या निधनवार्तेत 'अनेक शौर्यपदकांनी सन्मानित' असे सरसकट छापले जाते. हेतू चांगलाच असतो, पण माणसाने आयुष्यभर केलेली नोकरी या तीन शब्दांखाली झाकून जाते.

शौर्यपदक वेगळे. 1971 च्या युद्धात लीडिंग सीमन चिमण सिंह यांना मिळालेले महावीर चक्र हे शौर्यपदक. कोकणातल्या घराघरांत ट्रंकेत असतात ती बहुधा सेवापदके, आणि त्यांतले प्रत्येक पदक ठरलेली अट पूर्ण केल्यावरच मिळते. पश्चिमी स्टार हे ताऱ्याच्या आकाराचे पदक असेल तर माणूस डिसेंबर 1971 मध्ये पश्चिम आघाडीवर होता. पूर्वी स्टार असेल तर पूर्वेकडे. त्याच युद्धाच्या संग्राम मेडलची अट त्यापेक्षा सैल, त्यामुळे एकट्या त्या पदकावरून तो लढाऊ जहाजावर होता असे म्हणता येत नाही. सैन्य सेवा मेडलच्या रिबिनीवर धातूची आडवी पट्टी असते. तिच्यावर अंदमान-निकोबार असेल तर नेमणूक त्या बेटांवर झाली होती. ही पट्टी सुटून हरवली की त्या नेमणुकीची खूणच जाते.

नऊ वर्षांचे आणि वीस वर्षांचे दीर्घ सेवा पदक दोन्ही असतील तर नोकरी वीस वर्षांवर झाली. पेन्शनला पंधरा वर्षे पुरत, त्यामुळे पंधरा वर्षांनी घरी आलेल्यांकडे नऊ वर्षांचेच असते. त्यात काही उणे नाही.

फ्रेम करताना हमखास चूक होते. ओळ मिळालेल्या तारखांप्रमाणे लावायची नसते. युद्धातला स्टार आधी, मग संग्राम मेडल, त्यानंतर सैन्य सेवा, मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक, शेवटी वीस आणि नऊ वर्षांचे. आयुष्यात लवकर मिळालेले नऊ वर्षांचे पदक म्हणूनच टोकाला जाते. पदके डाव्या छातीवर लावतात आणि सर्वांत मानाचे गुंड्यांकडे येते. समोरून पाहणाऱ्याला ते डावीकडे दिसते. फ्रेमवाल्याने उलटे लावले की सगळी ओळ चुकते.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, राख, ब्रासो काही लावू नका. पदकाच्या कडेवर आणि स्टार असेल तर त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. दर दिवाळीला घासघासून हीच अक्षरे आधी झिजतात. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसले की पुरते. रिबीन धुऊ नये, रंग एकमेकांत उतरतात. अक्षरे पुसट असतील तर बॅटरीचा उजेड तिरका पाडून फोटो काढावा, किंवा पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकी फिरवावी. क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असेल तर तेही उतरवून घ्यावे. खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सशी किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार करताना नावापेक्षा हा क्रमांक उपयोगी पडतो. एकाच नावाचे खलाशी पुष्कळ.

तेव्हा आपल्या वार्ताहरांनी घरच्यांकडून पदकांचे दोन फोटो मागवावेत, एक समोरून आणि एक नाव कोरलेल्या बाजूचा, आणि वार्तेत पदकांची नावे तशीच द्यावीत.

आपला,
एक वाचक, दापोली